म्हैस उड! – मेंदूतला ब्रेक आणि आपले घर

संध्याकाळची वेळ. लाईट गेलेली. स्वयंपाक अजून व्हायचा आहे आणि पोरांचा दंगा चालू आहे. अशा वेळी घरातली आजी सगळ्यांना गोल बसवते, प्रत्येकाला फरशीवर बोट टेकवायला लावते आणि खेळ सुरू होतो. "चिमणी उड!" सगळी बोटे वर. "कावळा उड!" पुन्हा सगळी बोटे वर. "पोपट उड!" बोटे वर. आणि मग आजी तोच सूर, तोच वेग ठेवून हळूच म्हणते, "म्हैस उड!" झाले! दोघातिघांची बोटे वर गेलेली असतात आणि बाकीचे हसून लोळत असतात.

वाचकहो, हा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. पण एक प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला आहे काय? म्हैस उडत नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. ज्याचे बोट वर गेले त्यालाही ठाऊक होते. मग बोट वर गेले कसे?

बोट वर गेले ते अज्ञानामुळे नव्हे. माहिती होती, इच्छाही होती, पण वर निघालेले बोट वेळेवर थांबवता आले नाही. 'कळणे' आणि 'थांबणे' या मेंदूच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण समजतो की थांबणे म्हणजे काहीच न करणे. तसे मुळीच नाही. थांबणे हेसुद्धा एक काम आहे. ते मेंदूला करावे लागते, त्यासाठी मेंदूत वेगळी जागा आहे, वेगळी वाट आहे आणि त्याला वेळही लागतो. ही गोष्ट नीट समजली तर मुलांना मारणे, तरुणांचे अपघात, दारू आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाचे हाल, अशा घराघरातल्या अनेक प्रश्नांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू शकू.

औरंगपुऱ्यातली पाव सेकंदाची गोष्ट

जून महिना डोळ्यांसमोर आणा. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादचा औरंगपुरा. शाळा उघडायच्या आहेत. वह्या-पुस्तकांच्या खरेदीला आयाबाया मुलांना घेऊन निघालेल्या. महात्मा फुले चौकाजवळ एक रिक्षावाला गर्दीत अडकलेला आहे. पुढची गाडी सरकली, वाट मोकळी झाली, त्याने मूठ पिळायला सुरुवात केली. तेवढ्यात नवे दप्तर मिळालेले एक पोर आईचा हात सोडून समोर धावले.

त्या क्षणी रिक्षावाल्याच्या मेंदूत दोन हुकूम एकाच वेळी धावत असतात. पहिला हुकूम "जा". तो आधीच निघालेला आहे, हातापर्यंत पोचत आला आहे. दुसरा हुकूम "थांब". तो पोर दिसल्यानंतर, म्हणजे उशिरा निघाला आहे. "थांब" आधी पोचला तर मूठ पिळली जात नाही. "जा" आधी पोचला तर रिक्षा पुढे उसळते.

ही नुसती उपमा नव्हे. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या दोन शास्त्रज्ञांनी १९८४ साली थांबण्याचे शास्त्र याच शर्यतीच्या कल्पनेवर मांडले. त्यांची चाचणी साधी आहे. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे. पण अधूनमधून, खूण दिसल्यावर क्षणभराने एक आवाज होतो. आवाज आला की बटण दाबायचे नाही. आवाज लवकर आला तर माणूस सहज थांबतो. आवाज जसजसा उशिरा येतो तसतसे थांबणे अवघड होते आणि एका टप्प्यानंतर अशक्य होते.

यातली गंमत अशी की, माणूस थांबला तर दिसायला काहीच घडत नाही. हात हलतच नाही. मग थांबायला किती वेळ लागला, हे घड्याळ लावून मोजायचे कसे? शर्यतीचा हिशेब मांडून तो वेळ काढता येतो. धडधाकट प्रौढ माणसात तो साधारण एक पंचमांश ते पाव सेकंद भरतो. डोळ्याची पापणी लवावी इतकाच! पण ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन पाव सेकंदात सुमारे दोन मीटर पुढे गेलेले असते. ब्रेकवर पाय जायला आणि चाके थांबायला लागणारा वेळ त्याहून वेगळा. तेव्हा गर्दीत जो आधीपासूनच हळू चालवतो, तो घाबरट नसतो. तो आपल्या मेंदूतल्या "थांब"ला शर्यत जिंकण्याची संधी देत असतो.

कपाळामागचा ब्रेक

मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे कपाळामागचा भाग, याला ललाटखंड म्हणतात. शरीराच्या हालचाली ठरवणे, पुढचा विचार करणे, मनात आलेली गोष्ट करावी की नाही याचा निवाडा करणे, ही या भागाची मोठी कामे. अचानक थांबण्याच्या कामी या ललाटखंडाची उजवी, खालची बाजू विशेष महत्त्वाची आहे. तिची जागा साधारण उजव्या कानशिलाच्या आत येते.

हे कळले कसे? इंग्लंडमधील केंब्रिज येथे अ‍ॅडम अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना वर सांगितलेली चाचणी दिली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. उजव्या बाजूच्या त्या विशिष्ट भागाला जितकी जास्त इजा, तितका थांबायला जास्त वेळ. काही संशोधकांचे मत थोडे वेगळे आहे. ते म्हणतात, हा भाग मुख्यतः 'थांबण्याची खूण झाली' हे हेरण्याचे काम करतो. पण थांबण्याच्या साखळीतली ती एक महत्त्वाची कडी आहे, याविषयी फारसा वाद नाही.

आता ही साखळी पुढे कशी जाते ते पाहू. मेंदूच्या खोल भागात हालचालींची जणू फाटके आहेत. ती एरवी बंद असतात. हालचाल करायची तेव्हा जे हवे तेवढेच फाटक उघडते आणि हुकूम हातापायाकडे सुटतो. याच खोल भागात वाटाण्याएवढी एक गाठ आहे. तिचे नाव सबथॅलॅमिक न्यूक्लिअस. कपाळामागून "थांब" असा निरोप आला की तो मधल्या पायऱ्या टाळून जवळच्या वाटेने थेट या गाठीपर्यंत पोचतो आणि ही गाठ फाटके एकदम बंद करायला लावते. कारखान्यात अपघात होताना मुख्य स्विच पाडावा, तसे हे आहे. कोणती मशीन चालू, कोणती बंद, हे बघायला वेळ नसतो. सगळेच थांबते.

म्हणूनच पाठीमागे अचानक मोठा आवाज झाला की चालणारा पाय थबकतो, हातातला घास हातातच राहतो आणि तोंडातले वाक्य अर्धवट तुटते. आपण ठरवून थांबत नाही. कपाळामागचा तो मुख्य स्विच पडलेला असतो.

हे संशोधन केवळ परदेशातच चालते असे नव्हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदित्य मूर्ती यांची प्रयोगशाळा डोळ्यांच्या हालचालींवर काम करते. एका जागेकडे निघालेली नजर मध्येच अडवून दुसरीकडे कशी वळवली जाते, याचा तेथे अभ्यास होतो. बोट असो, पाय असो की डोळा, निघालेले मागे घेण्याची विद्या मेंदूला शिकावीच लागते.

ब्रेक मोडला तर?

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनियस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. एक मीटरहून लांब आणि सुमारे सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. नवल असे की तो वाचला. चालू लागला, बोलू लागला. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी लिहून ठेवले की, पूर्वीचा शहाणा, जबाबदार मुकादम आता शिवराळ, हट्टी आणि लहरी झाला होता. ओळखीचे लोक म्हणू लागले, हा तो गेज नव्हेच.

गेजची पुढची हकिकतही सांगितली पाहिजे, कारण ती फारशी सांगितली जात नाही. अपघातानंतर तो साडेअकरा वर्षे जगला. चिली देशात जाऊन त्याने घोडागाडी हाकण्याचे काम केले. घोडे आवरायला स्वतःला आवरता यावे लागते. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, नियमित कामाच्या आधाराने त्याचा तोल बराचसा परत आला असावा.

फ्रान्समधील डॉक्टर फ्रांस्वा लेर्मित यांनी १९८३ साली ललाटखंडाला इजा झालेल्या काही रुग्णांविषयी लिहिले. अशा रुग्णापुढे चष्मा ठेवला तर तो कोणी न सांगताच उचलून लावतो. दुसरा ठेवला तर पहिल्यावरच दुसरा लावतो! वस्तू दिसली की हात निघतो आणि निघालेला हात अडवणारे कोणी राहिलेले नसते.

हे दूरचे झाले. आता आपल्या घराकडे येऊ. समजा, एका घरातला कमावता मुलगा मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला. महिनाभराने तो घरी आला. जखम भरली, हातपाय चालतात. पण चारचौघांत नको ते बोलतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो, हातात आलेले पैसे उधळतो, खायला बसला की थांबत नाही. घरचे म्हणतात, पोरगा बिघडला. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही झाले. बायको मुकाट्याने सोसते.

ललाटखंड डोळ्यांच्या खोबणीवरच्या खडबडीत हाडावर टेकलेला असतो. डोके जोरात आपटले की मेंदू आत हिंदकळतो आणि हा भाग त्या हाडावर घासला जातो. त्यामुळे डोक्याच्या मारात ललाटखंडाला इजा होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा अशा घराने मांत्रिकाकडे न जाता डॉक्टरकडे जावे. आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी आहे. "जखम बरी झाली, पण अपघातानंतर स्वभाव बदलला", हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगावे. रुग्ण स्वतः ते सांगणार नाही. त्याला ते जाणवतही नसते.

मेंदूचे डॉक्टर अशा वेळी एक छोटी परीक्षा घेतात. "मी टेबलावर एकदा टकटक केली की तुम्ही एकदा करा. मी दोनदा केली की काहीच करू नका." ब्रेक कमकुवत झालेला माणूस नियम तोंडाने बिनचूक सांगतो आणि तरीही दोनदा ऐकल्यावर टकटक करतोच. आपल्या आजीचा "म्हैस उड" हा खेळ आणि डॉक्टरांची ही परीक्षा, दोन्हींचे मर्म एकच आहे.

पोरांना मारू नका, शिकवा

ललाटखंड हा मेंदूतला सर्वांत शेवटी पिकणाऱ्या भागांपैकी एक आहे. त्याची जडणघडण वयाच्या पंचविशीपर्यंत चालू राहते. सहा-सात वर्षांच्या मुलाला निघालेले पाऊल थांबवायला मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. चेंडू रस्त्यावर गेला की ते मागे धावणारच. शंभर वेळा सांगितले तरी धावेल, कारण त्याला कळत नाही असे नाही, त्याचा ब्रेक अजून तयार व्हायचा आहे. म्हणून औरंगपुऱ्यासारख्या गर्दीत पोराचा हात धरणे हे आईचे काम आहे. सुटल्यावर थोबाडीत देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

काही मुलांत ही उणीव जास्त असते. वर्गात उत्तर ओठांवरून निसटते, रांगेत उभे राहवत नाही, दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत दम निघत नाही. अतिचंचलतेचा विकार असलेल्या मुलांना थांबायला इतर मुलांपेक्षा सरासरीने जास्त वेळ लागतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. अशा मुलावर 'वांड' असा शिक्का मारून त्याची शाळा तोडू नका. मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. त्यावर उपचार आहेत.

आणि मुलांना खेळू द्या. खो-खो पाहा. नऊ जणांच्या संघातले आठ खेळाडू चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पळणारा हाताच्या अंतरावरून जातो, पायांत वीज संचारते, पण "खो" मिळाल्याशिवाय उठायचे नाही. आधी उठला तर फाऊल. पळणारा हुलकावणी देतो ती नेमकी यासाठीच, की समोरच्याचा पाय चुकून सुटावा. वेग सगळ्यांना दिसतो, पण या खेळात आवरलेला पाय तितकाच मोलाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. ज्या मातीत आपली पोरे खेळतात, त्याच मातीतला हा खेळ आहे.

ब्रेकवर पाणी ओतणारी दारू

दारू पोटात गेली की सगळ्यात आधी कोणते काम ढिले पडते? बऱ्याच प्रयोगांत असे दिसले की, "जा" म्हणणारा मेंदू अजून बऱ्यापैकी चाललेला असतानाच "थांब" म्हणणारा मेंदू मंदावतो. म्हणजे हात उगारता येतो, पण आवरता येत नाही. गाडी पळवता येते, पण रोखता येत नाही. "मी दोन घोट घेतले तरी शुद्धीत असतो", असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. शुद्ध असते, ब्रेक नसतो. आणि "दोनच घोट" म्हणून बसलेला माणूस बाटली संपवतो, तेही याचमुळे. थांबण्याचा निर्णय ज्याने घ्यायचा, त्यालाच आधी झोपवलेले असते. सलग रात्रपाळ्या करून झोप न मिळालेल्या माणसाचा ब्रेकही असाच सैल होतो. रात्रपाळीहून येताना गाडी हळू चालवावी, आणि घरच्यांनीही त्याला आधी झोपू द्यावे, भांडण नंतर.

मात्र हे वाचून कोणी पळवाट काढू नये. "माझा ब्रेकच कमजोर आहे, म्हणून बायकोवर हात उठतो", असे कोणी म्हणेल, तर त्याला एकच विचारावे. बाबा रे, सुपरवायझरने शिवी दिली तेव्हा तुझा हात का उठला नाही? पोलिसासमोर का उठत नाही? तिथे ब्रेक लागतो आणि घरी लागत नाही, याचा अर्थ ब्रेक शाबूत आहे. घरी तो लावायची गरज तुला वाटत नाही, एवढेच. मेंदूचा आजार आणि मनाची मुजोरी यांतला फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे. ज्याचा ब्रेक खरोखर मोडलेला असतो, तो साहेबासमोरही चुकतो आणि त्यात स्वतःचे नुकसान करून घेतो.

आधी ठरवा, मग निघा

थांबणे दोन प्रकारचे असते. एक, ऐनवेळी अचानक थांबणे. दुसरे, आधीच तयारीत राहून थांबणे. पुढे "थांब"ची खूण येणार आहे हे माहीत असेल, तर मेंदू "जा"चा वेग आधीच कमी ठेवतो आणि थांबणे सोपे जाते. "म्हैस उड" मध्येही सावध पोर बोट जरा उशिराच उचलते आणि फसत नाही.

आपल्या वंदनेतल्या पंचशीलात प्रत्येक शीलाला 'वेरमणी' हा शब्द आहे. त्याचा अर्थ विरत राहणे, म्हणजे थांबणे. ते रोज सकाळ-संध्याकाळ, मोहाचा प्रसंग येण्याआधी म्हणायचे असते. ब्रेक उतारावर गाडी सुटल्यावर तपासायचा नसतो, निघण्यापूर्वी तपासायचा असतो.

तेव्हा घरच्या घरी एवढे करता येईल. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून जाणारी गल्ली टाळून दुसऱ्या रस्त्याने घरी यायचे, हे सकाळीच ठरवावे. गुत्त्याच्या दारात उभे राहून मनाशी लढू नये. भांडण तापले की कोणी उठून बाहेर जायचे, हे नवरा-बायकोने शांत असताना ठरवून ठेवावे. मोटारसायकलवर, मग गल्लीतल्या गल्लीत का जायचे असेना, हेल्मेट घालावे. दंडाच्या पावतीसाठी नव्हे, कपाळामागचे हे यंत्र दुकानात विकत मिळत नाही म्हणून. आणि लाईट गेली की मोबाइल बाजूला ठेवून पोरांना गोल बसवावे.

"चिमणी उड! कावळा उड! म्हैस उड!"

ज्याचे बोट वर जाईल त्याला हसा, पण त्याला आणखी एक डाव द्या. निघालेले बोट जमिनीवर टेकवून ठेवायला शिकणे, हे मोठ्ठे काम आहे. ते एका डावात येत नाही.